शेंकडा किती, आणि कशावर?



गणिताच्या इतिहासाचा विषय निघाला, कीं शून्याचा शोध, ग्रहणांचीं भाकितें, पृथ्वीच्या परिघाचें मापन अशा थोर गोष्टींचें वर्णन आपण ऐकतों आणि त्यांचा अभिमानहि बाळगतों. परंतु ज्या गणितानें बाजार चालतो, सारा ठरतो, कर्ज वाढतें आणि भावाभावांची वांटणी होते, त्या साध्या गणिताचा इतिहास सहसा कोणी सांगत नाहीं. तें गणित म्हणजे प्रमाणाचें गणित. शास्त्रांत त्याचें नांव त्रैराशिक. व्यवहारांत त्याचेंच नित्याचें रूप म्हणजे शेंकडा. आज या दोहोंची हकीगत आपणांस सांगावयाची आहे.

ती सांगतांना एका मुद्द्याकडे मी मुद्दाम लक्ष वेधणार आहें. "शेंकडा पांच" असें कोणी म्हटलें, म्हणजे "किती" या प्रश्नाचें उत्तर मिळतें. पण "कशावर" आणि "किती काळांत" हे दोन प्रश्न तसेच उरतात. ज्या व्यवहारांत या दोन प्रश्नांचीं उत्तरें उघड होतीं, तेथें प्रमाणाचें गणित न्यायाचें साधन झालें. जेथें तीं झांकलीं गेलीं, तेथें तेंच गणित दुर्बळाच्या गळ्यास फांस झालें. आपल्या देशाच्या, आणि विशेषतः महाराष्ट्राच्या, इतिहासांत दोन्ही प्रकारचे दाखले आहेत.

प्रथम त्रैराशिकाकडे वळूं. आर्यभटानें इ. स. ४९९ च्या सुमारास आपला आर्यभटीय हा ग्रंथ रचिला, तेव्हां त्याचें वय अवघें तेवीस वर्षांचें होतें. त्या ग्रंथाच्या गणितपादांत त्रैराशिकाची रीति एका श्लोकांत सांगितली आहे. तीन संख्या ज्ञात असतात: प्रमाण, फल आणि इच्छा. फलास इच्छेनें गुणावें आणि प्रमाणानें भागावें, म्हणजे इच्छाफल मिळतें. तीन मीटर कापडास ४५० रुपये पडतात, तर सात मीटरांस किती? येथें तीन हें प्रमाण, ४५० हें फल, सात ही इच्छा. आणि उत्तर १,०५० रुपये. आज शाळेंतील कोणताहि मुलगा हें उदाहरण सोडवील. परंतु नांवें किती विचारपूर्वक ठेविलीं आहेत, तें पाहावें. "प्रमाण" म्हणजे ज्याच्या आधारें मोजावयाचें तें. आधार आधीं, आंकडा मागाहून, हा क्रम नांवांतच आहे. पुढें इ. स. ६२८ मध्यें ब्रह्मगुप्तानें ब्राह्मस्फुटसिद्धान्तांत एक गोष्ट स्पष्ट केली: पहिली आणि शेवटची संख्या, म्हणजे प्रमाण आणि इच्छा, या एकाच जातीच्या असल्या पाहिजेत. कापडाशीं कापडाचीच तुलना व्हावी, महिन्याशीं महिन्याचीच. वरवर पाहतां हा मुलांस शिकविण्याचा नियम वाटतो. पण पुढें आपण पाहूं, कीं कितीएक फसवणुकींचें मूळ हा नियम गुपचूप मोडण्यांत असतें.

पेशावरजवळील बख्शाली या गांवीं १८८१ सालीं भूर्जपत्रांवर लिहिलेली एक जुनी गणिताची पोथी जमिनींत सांपडली. ती आज ऑक्सफर्ड येथील बॉडलियन ग्रंथालयांत आहे. तिच्या काळाविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. परंतु तिच्यांत उदाहरण सोडविल्यावर उत्तराचा ताळा त्रैराशिकानें पाहण्याची पद्धति दिसते. म्हणजे त्रैराशिक हें केवळ उत्तर काढण्याचें साधन नव्हतें; दिलेलें उत्तर खरें कीं खोटें, हें पारखण्याचेंहि तें साधन होतें. अकराव्या शतकांत अल्बेरूनीनें हिंदूंच्या राशिगणितावर अरबी भाषेंत स्वतंत्र निबंध लिहिला. पुढें युरोपांतील व्यापाऱ्यांच्या पोरांस हीच रीति शिकवूं लागले, तेव्हां तिची उपयुक्तता पाहून तिला तिकडे "सुवर्णनियम" असें नांव पडलें.

आपल्या प्रांताशीं ज्यांचा निकट संबंध, ते भास्कराचार्य. त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ चा, सिद्धान्तशिरोमणि त्यांनीं छत्तिसाव्या वर्षीं, इ. स. ११५० मध्यें पूर्ण केला. त्यांची लीलावती आपल्या घरांत निदान नांवानें तरी सर्वांस ठाऊक असते. नारायणानें जसें सर्व विश्व व्यापिलें आहे, तसें त्रैराशिकानें सर्व गणित व्यापिलें आहे, अशा अर्थाचे उद्गार त्यांनीं तींत काढिले आहेत. भास्कराचार्य त्रैराशिकावर थांबले नाहींत. पांच, सात, नऊ, अकरा राशींच्या रीति त्यांनीं सांगितल्या. त्यांपैकीं पंचराशिकाचें त्यांचें उदाहरण व्याजाचें आहे. शंभरांस एका महिन्यास पांच व्याज पडत असेल, तर सोळांस एका वर्षांत किती? उत्तर, नऊ पूर्णांक तीन पंचमांश. येथें प्रमाणाच्या बाजूस दोन संख्या आहेत, शंभर आणि एक महिना. इच्छेच्या बाजूसहि दोन, सोळा आणि बारा महिने. रक्कम आणि काळ हीं दोन्ही मांडल्याशिवाय व्याजाचें उदाहरण पुरेंच होत नाहीं, हें आचार्यांनीं मांडणींतच दाखविलें आहे. दरमहा शेंकडा पांच म्हणजे वर्षास शेंकडा साठ. "पांच" ऐकून कोणी घाबरत नाहीं. "साठ" ऐकून घाबरतो. आंकडे दोन, दर मात्र एकच.

याच ग्रंथांत व्यस्त त्रैराशिकाचेंहि एक उदाहरण आहे, आणि तें टाळून पुढें जाणें इतिहासाशीं प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. सोळा वर्षांच्या स्त्रीस बत्तीस नाणीं किंमत येते, तर वीस वर्षांच्या स्त्रीस किती? उत्तर पंचवीस पूर्णांक तीन पंचमांश. त्या काळीं माणसांचा विक्रय होत असे, आणि तो इतका नित्याचा होता कीं पाठ्यग्रंथांत उदाहरण म्हणून तो सहज येऊन बसला. गणित येथें तसूभरहि चुकलेलें नाहीं. त्यावरून इतकेंच समजावें, कीं प्रमाण बरोबर निघालें म्हणजे व्यवहार बरोबर झाला असें नव्हे. ज्यावर तें प्रमाण लावलें, ती वस्तु मोल करण्याजोगी आहे कीं नाहीं, हा प्रश्न गणिताच्या बाहेरचा आणि गणिताहून वरचा आहे.

भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा राजज्योतिषी होता. त्यानें आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं खानदेशांत, चाळीसगांवाजवळील पाटणें येथें एक मठ स्थापिला. त्या मठास इ. स. १२०७ मध्यें दिलेल्या दानाचा शिलालेख तेथील देवालयांत आहे, तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं एकोणिसाव्या शतकांत उजेडांत आणिला. लेखाचा बराच भाग संस्कृत आहे, पण शेवटीं दानाचा तपशील जुन्या मराठींत आहे, आणि तो आपल्या विषयाच्या दृष्टीनें फार मोलाचा आहे. पेठेंतील कराचा अंश मठास दिला आहे. जितके घाणे चालतील, त्या प्रत्येकामागें पळी पळी तेल मठास द्यावें, असें आहे. येथें जें मापावयाचें तें मठाच्याच मापानें मापावें. आणि मापणावळ अर्धी मठास, अर्धी मापाऱ्यास.

विचार करा. ही कांहीं विद्वानांसाठीं लिहिलेली वाक्यें नव्हेत. तेली, वाणी, मापारी यांना कळावीं म्हणून तीं लोकभाषेंत कोरलीं. "अर्धें" एवढेंच लिहून लिहिणारा थांबला नाहीं. अर्धें कशाचें, तर मापणावळीचें. मापावयाचें कोणत्या मापानें, तर मठाच्या. तेल कशावर, तर चालत्या घाण्यावर; बंद घाण्यावर नाहीं. किती, कशावर, कोणत्या मापानें, हें सर्व दगडावर, चारचौघांच्या नजरेसमोर. ज्या मठांत लीलावती शिकविली जाई, त्याच्या दारींच तिचा व्यवहारांतील धडा कोरलेला होता.

आतां शेंकड्याकडे येऊं. सर्व प्रमाणें शंभरावर कां सांगावयाचीं? निरनिराळ्या रकमांवरील निरनिराळे वांटे एकमेकांशीं ताडून पाहावयाचे, तर पाया एकच हवा. एक व्यापारी ८० रुपयांवर १२ मिळवितो, दुसरा १२५ वर १५. अधिक नफा कोणाचा? रक्कम पाहिली तर दुसऱ्याचा. शंभरावर आणून पाहिलें तर पहिल्याचा शेंकडा पंधरा, दुसऱ्याचा शेंकडा बारा. हा समान पाया आपल्याकडे फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत शंभर पणांस दरमहा सव्वा पण व्याज धर्म्य मानिलें आहे. व्यापाराच्या कर्जास पांच पण, अरण्यांतून माल नेणाऱ्यांस दहा, समुद्रावर जाणाऱ्यांस वीस. जोखीम वाढेल तसा दर वाढतो. वर्षाच्या हिशेबानें हेच दर शेंकडा १५, ६०, १२० आणि २४० होतात. रोमन साम्राज्यांत ऑगस्टसच्या काळीं लिलांवाच्या विक्रीवर शंभरांत एक असा कर होता. इटलींतील व्यापाऱ्यांच्या चोपड्यांत "शंभरामागें" या अर्थाचे शब्द वारंवार लिहावे लागत. ते झिजत झिजत त्यांतूनच आज सर्व जगभर चालणारें टक्क्याचें चिन्ह निघालें.

शंभराच्या पायाबरोबर आपल्या धर्मशास्त्रानें एक मर्यादाहि घातली होती. एका वेळीं वसूल करावयाचें व्याज मुद्दलाहून अधिक होऊं नये. घेणाऱ्याच्या पदरांत एकूण दुप्पट पडली, कीं थांबावें. हीच "दामदुप्पट". सव्वा टक्क्यानें ही मर्यादा सहा वर्षें आठ महिन्यांनीं गांठली जाते, पांच टक्क्यांनीं वीस महिन्यांत. दर कितीहि असो, ओझ्यास कोठें तरी अंत असावा, हा त्यामागचा विचार. या मर्यादेचें पुढें काय झालें, तें ओघानें येईलच.

मराठी राज्याचा कारभार पाहिला, तर तो पुष्कळसा प्रमाणांवरच उभारलेला दिसतो. शिवछत्रपतींच्या सारापद्धतीविषयीं कृष्णाजी अनंत सभासद सांगतो, कीं काठी ठरवून जमीन मोजिली, पिकाचा आकार धरिला आणि त्याच्या पांच तक्षिमा करून तीन रयतेस व दोन सरकारास, अशी वांटणी केली. म्हणजे शेंकडा चाळीस. हा वांटा हलका होता असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु काठी ठरलेली, पीक डोळ्यांसमोर आणि वांटे बोटांवर मोजण्याजोगे. आपणांकडून किती घेतलें आणि कशाचें घेतलें, हें अक्षरशत्रु कुणब्यासहि कळत होतें.

पुढें १७१९ सालीं बाळाजी विश्वनाथानें दिल्लीहून स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखी यांच्या सनदा आणिल्या. चौथाई म्हणजे दक्षिणेंतील सहा सुभ्यांच्या वसुलाचा चतुर्थांश, शेंकडा पंचवीस. सरदेशमुखी शेंकडा दहा. या चौथाईची अंतर्गत वांटणी तर टक्क्यांच्या गणिताचा सुंदर नमुना आहे. तिचा पाव भाग राजाचा. त्यास राजबाबती म्हणत. उरलेला पाऊण भाग मोकासा. त्या पाऊण भागांतून, पण सबंध चौथाईवर हिशेब करून, शेंकडा सहा पंत सचिवाचा; त्याचें नांव साहोत्रा, नांवांतच सहा आहे. शेंकडा तीन नाडगौंडा, तो राजाच्या मर्जीनें द्यावयाचा. बाकी शेंकडा सहासष्ट ऐन मोकासा, तो फौज बाळगणाऱ्या सरदारांचा. पंचवीस, सहा, तीन आणि सहासष्ट मिळून बरोबर शंभर. एखाद्या परगण्याचा ठरीव आकार एक लाख धरिला, तर चौथाई २५,००० ची. त्यांत राजबाबती ६,२५०, साहोत्रा १,५००, नाडगौंडा ७५० आणि ऐन मोकासा १६,५००. बेरीज पुन्हां २५,००० येते. ज्या कारकुनांनीं हे हिशेब वर्षानुवर्षें मोडींत लिहिले, त्यांचें प्रमाणाचें ज्ञान पक्कें होतें, यांत शंका नाहीं.

पण आतां आपला दुसरा प्रश्न विचारूं. हा शेंकडा कशावर? तो त्या वर्षीं प्रत्यक्ष आलेल्या उत्पन्नावर नव्हे, तर पूर्वीं ठरलेल्या तनख्यावर, म्हणजे कागदोपत्रींच्या आकारावर मागितला जाई. सहा सुभ्यांचा तो आकार सुमारे अठरा कोटींचा धरिलेला होता. देश सततच्या लढायांनीं उजाड झालेला. इतका वसूल येणें दुरापास्त. आपल्या परगण्याचें उदाहरण पुढें चालवूं. कागदावर एक लाख, पण समजा प्रत्यक्षांत साठ हजारच आले. चौथाई व सरदेशमुखी मिळून मागणी ३५,००० ची. लाखावर ती शेंकडा पस्तीस. पण आलेल्या साठ हजारांवर शेंकडा अठ्ठावन्नाहून अधिक. सनदेंतील आंकडा बदललेला नाहीं, प्रमाण मात्र पार बदललें. व्यवहारांत पुरी मागणी क्वचितच पदरांत पडे, आणि बाकीचा घोळ वर्षानुवर्षें चाले; त्यांतून तंटे व स्वाऱ्या निघत. मोंगल दरबारासहि ही आकाराची आणि आमदनीची तफावत ठाऊक होती, मराठ्यांसहि होती. ती ज्याच्या पाठीवर पडे, तो खेड्यांतील माणूस मात्र सनदेच्या कोणत्याच बाजूस नव्हता.

खेड्यांतील मुलास प्रमाणाचें शिक्षण मिळत नव्हतें, असें मात्र नाहीं. पंतोजींच्या शाळेंत धूळपाटीवर अक्षरें गिरविण्याबरोबर अंकांची उजळणी चाले. आणि पाढ्यांच्या जोडीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हीं तोंडपाठ करून घेत. औट म्हणजे साडेतीन. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड यांचे पाढे म्हणजे मुखोद्गत प्रमाणगणितच होय. ज्याला तें येई, तो चार मणांवर दर मणास सव्वा रुपया याचा हिशेब कागदावांचून करी. अडचण अशी, कीं या शाळेंत मुख्यतः ब्राह्मण, प्रभु, वाणी, सोनार अशांचीं मुलें जात. कुणब्याचें पोर गुरांमागें जाई, मुलींस तर पाटीच मिळत नसे. म्हणून गांवांत गणित होतें. पण तें व्यवहाराच्या एकाच बाजूस बसलेलें होतें.

याचा परिणाम एकोणिसाव्या शतकांत भयंकर झाला. १८५५ च्या कायद्यानें व्याजाच्या दरावरील सरकारी बंधनें उठलीं. रोख्यांत जो दर लिहिलेला असेल तो न्यायाधीशानें मानावयाचा. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या रोख्याची मुदत तीन वर्षांची झाली. हेतु असा होता, कीं कर्जें फार काळ लोंबकळूं नयेत. घडलें तें उलट. मुदत भरत आली, कीं सावकार मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घेई. आणि कालचें व्याज आजचें मुद्दल होई. याचें गणित करून पाहूं. शंभर रुपये, दरमहा शेंकडा दोन. सरळ व्याजानें नऊ वर्षांचें देणें ३१६ रुपये. दामदुप्पट पाळिली तर २०० वर थांबावें. पण दर तीन वर्षांनीं रोखा बदलला, तर पहिल्या बदलास १७२, दुसऱ्यास सुमारे २९६ आणि नवव्या वर्षाच्या अखेरीस सुमारे ५०९. दर तोच, काळ तोच. फक्त "कशावर" या प्रश्नाचें उत्तर दोनदां गुपचूप बदललें. प्रत्येक रोख्यांत मुद्दल नवें, म्हणून दामदुप्पटीचा नियमहि कागदावर अभंग राहिला!

याशिवाय आणखी युक्त्या होत्या. शंभराचा रोखा लिहून घ्यावा आणि हातावर नव्वद ठेवावे. दर चोवीस टक्के म्हणून सांगावा; परंतु नव्वदांवर वर्षाअखेर १२४ द्यावे लागले, तर खरा दर शेंकडा पावणेअडतीसाहून वर जातो. रुपयास महिना एक आणा, हें ऐकण्यास किती क्षुल्लक! सोळा आण्यांचा रुपया. म्हणजे महिन्यास शेंकडा सव्वासहा आणि वर्षास शेंकडा पंचाहत्तर. बियाण्याचें धान्य सवाईनें किंवा दिढीनें द्यावें, म्हणजे सुगीस एका मणाचा सव्वा किंवा दीड मण घ्यावा. येथें तर काळाचा उल्लेखच नाहीं. सहा महिन्यांत दीडपट म्हणजे वर्षाचा शेंकडा शंभर दर झाला. ब्रह्मगुप्ताचा नियम आठवा: प्रमाण आणि इच्छा एकाच जातीचीं असावींत. आण्यास रुपयाशीं, महिन्यास वर्षाशीं आणि सुगीस कॅलेंडराशीं ताडून पाहणें ज्याला येत नव्हतें, त्याचा अंगठा रोख्यावर उमटत होता.

अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें, १८६१ पासून १८६५ पर्यंत, कापसास चढे भाव आले आणि कर्ज सहज मिळूं लागलें. युद्ध संपतांच भाव कोसळले. त्याच सुमारास साऱ्याची फेरआकारणी होऊन तोहि वाढला. एकतर्फी हुकूमनामे होऊन जमिनी सावकारांकडे जाऊं लागल्या. पुणें जिल्ह्यांत शिरूर तालुक्यांतील करडें गांवीं आधीं सावकारांवर बहिष्कार पडला. आणि १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें, भर बाजाराच्या दिवशीं, दंगा उसळला. तो पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरला. या दंग्याचें एक लक्षण इतिहासकारांनीं विशेष नमूद केलें आहे. लोकांस सावकारांचे प्राण नको होते. त्यांस कागद हवे होते. रोखे, वह्या, हुकूमनामे मागून घेऊन त्यांची होळी केली. जें गणित आपणांस वाचतां येत नाहीं आणि तरीहि जें आपलें शेत नेतें, त्यावर उगवलेला तो सूड होता. दंग्याचें समर्थन करण्याची आवश्यकता नाहीं, आणि सगळेच सावकार दुष्ट होते असें म्हणणेंहि अन्यायाचें होईल. दुष्काळांत गांवास दुसरा आधारच नव्हता. पण आग कागदासच कां लागली, हें समजून घेतलें पाहिजे.

सरकारनें चौकशी मंडळ नेमिलें, आणि १८७९ सालीं पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचें मर्म गणिती दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. न्यायाधीशानें रोख्यावरील आंकड्यावर विसंबूं नये. देवघेवीच्या आरंभापर्यंत मागें जावें, मुद्दल वेगळें काढावें, व्याज वेगळें काढावें, व्याजावर व्याज धरूं नये. सावकारानें पावती द्यावी, हिशेबाचा उतारा द्यावा. दस्तऐवज गांवच्या रजिस्ट्रारासमोर व्हावा. म्हणजे "किती" याबरोबर "कशावर" आणि "किती काळांत" हे प्रश्न विचारणें हें न्यायालयाचें कर्तव्य ठरलें. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं या कायद्याखालीं खास न्यायाधीशाचें काम केलें. कायद्यानें सर्व दुःख संपलें नाहीं. गहाणाऐवजीं खोटीं खरेदीखतें लिहून घेण्याची नवी वाट लौकरच निघाली. तरी एक तत्त्व पुन्हां प्रस्थापित झालें, कीं प्रमाणाचा पाया झांकून ठेवण्याचा हक्क कोणासहि नाहीं.

पण कायदा प्रत्येक झोंपडींत जाऊन हिशेब करूं शकत नाहीं. हें ज्यांनीं अचूक ओळखिलें, ते महात्मा जोतीराव फुले. १८८२ सालीं हंटर शिक्षण मंडळापुढें दिलेल्या निवेदनांत त्यांनीं बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाचा जो क्रम सुचविला, त्यांत वाचन, मोडी व बाळबोध लेखन यांच्या लगोलग हिशेब घातला आहे. इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचें प्राथमिक ज्ञान हे विषय त्यामागून येतात. ज्यांच्या हातीं लेखणी नव्हती, त्यांस आधीं काय हवें, हें त्यांनीं नेमकें जाणलें होतें. सुप्यास कागद जाळले गेले. जोतीरावांची मागणी ते वाचतां यावेत अशी होती. दोहोंतील दुसरा मार्गच टिकाऊ ठरला.

स्वातंत्र्यानंतर १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले, आणि मागाहून वजनेंमापेंहि दशमान आलीं. आणे-पै गेले, मण-शेर गेले. रुपयास एक पैसा म्हणजे शेंकडा एक, हें आतां पोरासहि दिसतें. बँका आपले दर वर्षाच्या हिशेबानें जाहीर करितात. पायाची एकवाक्यता इतकी पूर्वीं कधींहि नव्हती. तरी जुने प्रश्न संपले आहेत असें समजूं नये. दुकानावर पाटी असते, निम्म्या किंमतीवर आणखी वीस टक्के सूट. घाईनें वाचणारा सत्तर टक्के समजतो; पण वीस टक्के उरलेल्या निम्म्यावर आहेत, म्हणून सूट साठ टक्केच. ठेवीचा दर चारावरून पांचांवर गेला, तर तो एका टक्क्यानें वाढला असेंहि म्हणतात आणि शेंकडा पंचवीसानें वाढला असेंहि म्हणतात. दोन्ही खरीं, पाया मात्र वेगळा. कोणी खासगी रीतीनें "तीन टक्क्यांनीं" पैसे देऊं करितो, तेव्हां ते महिन्याचे कीं वर्षाचे, हें विचारण्यास भिडस्त माणूस आजहि संकोचतो.

हा संकोच सोडावा, इतकीच माझी विनंति आहे. घरांतील मुलांस टक्क्यांचीं उदाहरणें शिकवितांना गुणाकार-भागाकाराची घाई करूं नका. आधीं त्यांच्याकडून तीन प्रश्न वदवून घ्या: किती, कशावर, किती काळांत. घरखर्च पाहणाऱ्या गृहिणींनीं आणि नव्यानें पगार हातीं आलेल्या तरुणांनींहि सही करण्यापूर्वीं ते मोठ्यानें विचारावेत. पाटण्याच्या दगडावर हीं उत्तरें आठशें वर्षांपूर्वीं कोरलेलीं होतीं. सुप्याच्या रोख्यांत तीं लपविलेलीं होतीं. त्रैराशिक दोन्ही ठिकाणीं एकच होतें. फरक होता तो प्रमाण उघड आहे कीं झांकलेलें, एवढाच.